बेथानी येथील फोडलेली कुपी

(वाचावयाचे शास्त्रभाग: मार्क १२:३८–४४, मार्क १४:१–११, योहान १२:१–८, २ शमुवेल २४:१८–२५.)

उपासना म्हणजे काय, असें आमच्या खेड्यांतील एखाद्या मंडळींत कोणीं विचारिलें तर बहुधा असें उत्तर मिळेल कीं, रविवारीं देवळांत जमावें, दोन-तीन गीतें म्हणावीं, प्रार्थना करावी, उपदेश ऐकावा, दानाच्या थाळींत कांहीं टाकावें आणि घरीं जावें. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु तें अपुरें आहे. हें सर्व करूनही मनुष्य अगदीं कोरडा राहूं शकतो. गीत ओठांवर असतें आणि चित्त शेताच्या बांधावर असतें. थाळी पुढें येते तेव्हां हात खिशांतील सर्वांत लहान नाणें चांचपडून शोधतो. अशा उपासनेंत उघड पाप दिसत नाहीं; तरी तींत कांहींतरी उणें आहे, हें आपणां सर्वांस आंतून ठाऊक असतें. तें उणें कोणतें, हें ओळखण्यासाठीं आज आपण शुभवर्तमानांतील एका स्त्रीकडे पाहूं. तिनें प्रभूची जी सेवा केली तिला पंक्तीस बसलेल्यांनीं नासाडी म्हटलें. प्रभूनें तिला सत्कृत्य म्हटलें. एकाच कृतीला हीं दोन नांवें कशीं मिळालीं, हें समजलें म्हणजे आजचा पाठ समजला.

१. प्रसंग

बेथानी हें यरुशलेमाच्या पूर्वेस, जैतुनांच्या डोंगराच्या उतरणीवर वसलेलें खेडें. योहानानें दिलेल्या मापाप्रमाणें तें शहरापासून पंधरा स्तदिया, म्हणजे सुमारें तीन किलोमीटर अंतरावर होतें. त्या दिवसांत शहरांत हेरोदानें बांधावयास घेतलेलें भव्य मंदिर उभें होतें. तेथें याजक होते, लेवी होते, धूप होता, आणि वल्हांडण सणाकरितां आलेल्या यात्रेकरूंची दाटी होती. पण जिची आठवण शुभवर्तमानाबरोबर सर्व जगांत सांगितली जाईल असें प्रभूनें म्हटलें, ती उपासना त्या मंदिरांत घडली नाहीं. ती एका खेड्यांत, एका घरीं, जेवणाच्या पंक्तींत घडली. मार्क म्हणतो कीं तें घर शिमोन कुष्ठरोग्याचें होतें. लोक त्याच्या घरीं जेवावयास बसले होते, त्यावरून तो तोंवर बरा झाला असावा. पण गांवानें एकदां दिलेलें नांव सहसा सुटत नाहीं, हें आपणांस सांगावयास नको. ज्या घराला लोक अजून त्या नांवानें ओळखीत होते, त्याच घरांत हा सुगंध दरवळला.

मार्क त्या स्त्रीचें नांव देत नाहीं. योहान सांगतो कीं ती मार्था व लाजर यांची बहीण मरीया. मार्क म्हणतो कीं तिनें तेल प्रभूच्या मस्तकावर ओतलें. योहान म्हणतो कीं तिनें तें त्याच्या पायांस लाविलें व आपल्या केसांनीं पाय पुसले. हा एकच प्रसंग होय, असें बहुतेक शास्त्राभ्यासी समजतात. लूकाच्या सातव्या अध्यायांतील गोष्ट मात्र निराळी आहे. ती एका परूशाच्या घरीं घडली, आणि तेथील स्त्री नगरांत पापी म्हणून माहीत होती. दोन्ही यजमानांचें नांव शिमोन असल्यामुळें पुष्कळ वेळां घोटाळा होतो. उपदेशक बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें. कारण बेथानीच्या मरीयेच्या चालचलणुकीवर पवित्र शास्त्र कोठेंही डाग ठेवीत नाहीं.

मार्कानें ही गोष्ट कोठें ठेविली आहे, तेंही पाहावें. तिच्या आधींच्या दोन वचनांत मुख्य याजक व शास्त्री प्रभूला कपटानें धरण्याचा बेत करीत आहेत. तिच्या नंतरच्या दोन वचनांत यहूदा त्यांच्याकडे जाऊन त्याला धरून देण्याचा करार करीत आहे. एका बाजूला कपट, दुसऱ्या बाजूला विश्वासघात, आणि मध्यें एका स्त्रीचें निर्मळ प्रेम. मरणाच्या वाटेवर असलेल्या प्रभूला त्या आठवड्यांत मनुष्याच्या हातून जें थोडें सांत्वन मिळालें, त्यांतलें हें एक होतें.

२. कुपींतील तेल

तें तेल जटामांसीचें होतें, असें मार्क व योहान दोघेही सांगतात. हें नांव आपणांस परकें नाहीं. दिवाळीच्या उटण्यांत जी जटामांसी पडते, वैद्य जी केसांच्या तेलांत घालितात, तीच ही वनस्पति. ती हिमालयांत, सुमारें तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर थंड उतरणींवर उगवते. तिच्या मुळीवर केसांच्या जटेसारखे तंतू असतात, आणि त्या मुळीपासून तेल काढितात. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. नर्मदेच्या मुखाशीं असलेल्या भडोच बंदरांत जटामांसी येत असे व तेथून ती पश्चिमेकडे जात असे, असें त्यांत नमूद आहे. डोंगरावरून ओझ्यानें उतरावें, बंदरापर्यंत जमिनीवरून यावें, मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडावा, आणि मग पुन्हां जमिनीवरून पुढें जावें, अशी त्या मालाची वाट होती. प्रत्येक टप्प्यावर व्यापाऱ्याचा नफा व राजाची जकात चढत असे. म्हणूनच तें तेल इतकें मोलाचें होतें.

योहान म्हणतो कीं तेल एक लित्रा होतें. हें रोमी माप सुमारें ३२७ ग्रॅम, म्हणजे आमच्या जुन्या मापानें २८ तोळे, भरतें. तें अलाबास्त्र नांवाच्या मऊ, पांढुरक्या दगडाच्या कुपींत होतें. असें तेल थेंबाथेंबानें वापरावयाचें. मरीयेनें चार थेंब प्रभूच्या मस्तकाला लाविले असते तरी पाहुण्याचा पुरता सन्मान झाला असता. कोणीही तिला उणा शब्द बोललें नसतें, आणि उरलेलें तेल घरांत राहिलें असतें. पण मार्क सांगतो कीं तिनें कुपी फोडली. या एका शब्दांत सर्व पाठ आहे. उघडलेली कुपी पुन्हां बंद करितां येते. फोडलेली कुपी पुन्हां बंद होत नाहीं. तिनें प्रभूला दिलें तें परत घ्यावयाची वाट स्वतःच्या हातानें मोडून दिलें.

३. तीनशें दीनारांचा हिशेब

तें तेल तीनशें दीनारांहून अधिकाला विकतां आलें असतें, असा हिशेब तेथल्या तेथें मांडण्यांत आला. दीनार हें रुप्याचें नाणें होतें. मत्तयाच्या विसाव्या अध्यायांत द्राक्षमळ्याचा धनी मजुरांशीं दिवसाचा एक दीनार ठरवितो. तेव्हां तीनशें दीनार म्हणजे तीनशें दिवसांची मजुरी. शब्बाथ व सण वगळले तर ही मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई झाली. आमच्या वाचकांपैकीं जे मजुरीनें जातात त्यांनीं आपल्या तीनशें दिवसांच्या रोजाचा आंकडा मनांत आणावा, म्हणजे त्या पंक्तींत लोकांचे हात तोंडाशींच कां थांबले असतील, हें त्यांस कळेल.

आणखी एक हिशेब आहे. योहानाच्या सहाव्या अध्यायांत पांच हजार पुरुषांचा समुदाय भुकेला असतां फिलिप्प म्हणतो कीं, प्रत्येकाला थोडथोडें द्यावयाचें म्हटलें तरी दोनशें दीनारांच्या भाकरी पुरणार नाहींत. दोनशें दीनारांत एवढा मोठा समुदाय पुरता नव्हे तरी पुष्कळसा जेवला असता; आणि येथें तर तीनशें दीनार जमिनीवर सांडले. म्हणून ज्यांनीं कुरकुर केली त्यांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें समजूं नये. त्यांचा हिशेब बरोबर होता. तरी प्रभूनें त्यांचा पक्ष घेतला नाहीं. याचें कारण काय?

४. हिशेब बरोबर, पण मन चुकलें

योहान सांगतो कीं हें यहूदा बोलला. त्याच्याजवळ डबी होती, आणि तींतलें तो चोरून घेत असे; गरिबांची त्याला काळजी नव्हती. पण मत्तय म्हणतो कीं शिष्यच रागावले. म्हणजे एका लबाडाचें बोलणें पुष्कळ प्रामाणिक माणसांस पटलें. हें मंडळ्यांत आजही घडतें. ज्याला स्वतःला कांहीं द्यावयाचें नसतें तो दुसऱ्याच्या देण्यांत दोष काढितो, आणि तो दोष गरिबांच्या नांवानें काढिला म्हणजे चांगल्या माणसांसही खरा वाटतो.

प्रभूनें तीन गोष्टी सांगितल्या. पहिली ही कीं, तिला त्रास देऊं नका. तिनें माझ्यासाठीं चांगलें केलें आहे. दुसरी ही कीं, दरिद्री तुमच्याजवळ नेहमीं आहेत, त्यांचें भलें तुम्हांस केव्हांही करितां येईल. तिसरी ही कीं, तिच्या आटोक्यांत जेवढें होतें तेवढें तिनें केलें, आणि माझ्या उत्तरक्रियेकरितां आधींच तेल लाविलें.

यांतील दुसऱ्या वाक्याचा पुष्कळ दुरुपयोग झाला आहे. गरीब नेहमीं राहणारच, मग त्यांच्यासाठीं धडपड कशाला, असा अर्थ कांहीं लोक काढितात. पण प्रभूचे शब्द अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांतील अकराव्या वचनाची आठवण देतात. तेथें देशांत दरिद्री राहतीलच असें सांगून त्याच वचनांत पुढें आज्ञा आहे कीं, म्हणूनच आपल्या गरजू भावासाठीं हात मोकळा सोड. तेव्हां प्रभूचें म्हणणें गरिबांच्या विरुद्ध नाहीं. तो कुरकुर करणाऱ्यांस म्हणतो कीं, गरिबांस देण्याचें तुमचें कर्तव्य या बाईच्या कुपीनें संपत नाहीं. तें रोजचें आहे आणि तुमच्या स्वतःच्या खिशांतून करावयाचें आहे.

तिसऱ्या गोष्टींत तिच्या प्रेमाची वेळ दिसते. प्रभु आपल्या मरणाविषयीं अनेक वेळां बोलला होता, पण शिष्यांनीं तें मनावर घेतलें नव्हतें. सणानंतरच्या रविवारीं पहांटेस कांहीं स्त्रिया सुगंधी द्रव्यें घेऊन कबरेकडे गेल्या, तेव्हां कबर मोकळी होती. देव धन्य असो, तें द्रव्य वापरण्याचें कारणच उरलें नव्हतें. मरीयेनें मात्र प्रभु जिवंत असतां, त्याला तें कळत असतां, आपलें प्रेम त्याच्यावर ओतलें. तिनें चांगल्या दिवसाची वाट पाहिली नाहीं. पीक आलें म्हणजे देऊं, मुलीचें लग्न झालें म्हणजे देवाकडे लक्ष देऊं, म्हातारपणीं प्रार्थना करूं, असें म्हणणारे आपण पुष्कळ आहों. त्यांतला कांहींचा तो दिवस उजाडतच नाहीं.

५. दोन स्त्रिया

येथें आमचा गरीब बंधु म्हणेल, आमच्या घरांत अलाबास्त्राची कुपी नाहीं आणि तीनशें दीनारही नाहींत; मग अशी उपासना श्रीमंतांनींच करावी काय? याचें उत्तर मार्कानें आधींच देऊन ठेविलें आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटीं एक विधवा मंदिराच्या भांडारांत दोन दमड्या टाकिते. चौदाव्या अध्यायाच्या आरंभीं ही स्त्री कुपी फोडिते. दोघींच्या मध्यें फक्त एक अध्याय आहे. त्या अध्यायांत त्या मोठ्या मंदिराचा एक दगड दुसऱ्यावर राहणार नाहीं, असें प्रभु सांगतो. मंदिर पडलें, इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें तें जाळिलें. या दोन बायकांचें देणें मात्र अजून टिकून आहे.

आतां दोन्ही देणग्यांची तुलना करावी. विधवेचीं दोन नाणीं मिळून दीनाराचा चौसष्टावा हिस्सा होत असे. म्हणजे तीनशें दीनारांची किंमत तिच्या देणगीच्या १९,२०० पट झाली. मंडळीच्या वहींत या दोन रकमा शेजारीं शेजारीं लिहिल्या असत्या तर एक ठळक दिसली असती आणि दुसरी कोणीं वाचलीही नसती. पण प्रभूनें दोघींचीही वाखाणणी केली, आणि ती जवळजवळ एकाच कारणानें: विधवेनें आपली सर्व उपजीविका टाकिली, आणि मरीयेनें आपल्या आटोक्यांतलें सर्व केलें. प्रभु रक्कम मोजीत नाहीं. मागें काय राखून ठेविलें, तें तो पाहतो. हाच आजच्या पाठाचा गाभा आहे. मोजमाप न ठेवितां केलेली उपासना म्हणजे मोठ्या रकमेची उपासना नव्हे. जींत मागें कांहीं लपवून ठेविलेलें नाहीं, ती.

परंतु पाळक व उपदेशक बंधूंनीं विधवेच्या गोष्टीच्या अगदीं आधींचें वचनही वाचावें. तेथें प्रभु विधवांचीं घरें गिळणाऱ्या व लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहावयास सांगतो. त्या विधवेकडे कोणीं मागितलें नव्हतें, आणि मरीयेवरही कोणीं सक्ति केली नव्हती. सर्वस्व देणें ही प्रेमाची मोकळीक आहे. तें दुसऱ्याकडून वसूल करितां येत नाहीं. गरीब घरच्या बाईला सर्वांदेखत नांव घेऊन वर्गणी वाढवावयास लावणें, किंवा अमुक दिलें तर देव दुप्पट देईल असें आमिष दाखविणें, हें मरीयेचें शिक्षण नव्हे. तिनें कुपी फोडली ती कांहीं मिळावें म्हणून नव्हे. लाजर कबरेंतून परत येऊन पंक्तीस बसला होता. तिला मिळावयाचें तें आधींच मिळालें होतें.

६. फुकटचें अर्पण आणि कर्जाचें अर्पण

दुसऱ्या शमुवेलाच्या शेवटच्या अध्यायांत दावीद राजा अरवना यबूशी याच्या खळ्यावर वेदी बांधावयास येतो. अरवना खळें, बैल, मळणीचीं अवतें, सर्व कांहीं फुकट देऊं करितो. राजा तें घेत नाहीं. ज्याला मला कांहीं वेचावें लागलें नाहीं तें मी माझ्या देवाला अर्पण करणार नाहीं, अशा अर्थाचें बोलून तो पन्नास शेकेल रुपें मोजून देतो. याच्या उलट चित्र मलाखीच्या पहिल्या अध्यायांत आहे. तेथें लोक आंधळें, लंगडें व रोगी जनावर वेदीवर आणितात. असें जनावर सुभेदाराला भेट दिलें तर तो तें घेईल काय, असें देव त्यांस विचारितो. जो शेतकरी पाटलाच्या घरीं पहिल्या प्रतीचा आंबा पाठवितो आणि सुगीच्या उपकारस्तुतीस किडकी ज्वारी आणितो, त्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावयास नको.

पण दुसऱ्या टोंकालाही जाऊं नये. सावकाराकडून कर्ज काढून नाताळाला मोठें जेवण घालणें, चार लोकांत नांव व्हावें म्हणून ऐपतीबाहेर दान करणें, आणि मग मुलांच्या शाळेचे पैसे थकविणें, ही मरीयेची उधळण नाहीं. मरीयेनें स्वतःची कुपी फोडली, शेजारणीची नव्हे. कर्जाच्या अर्पणांत देणाऱ्याला आज कांहीं वेचावें लागत नाहीं. उद्यां त्याच्या बायकोला व लेंकरांना वेचावें लागतें. जें खरोखर आपलें आहे, तेंच देवापुढें मोकळ्या मनानें ठेवितां येतें.

७. आमच्या देशांतील एक उदाहरण

पंडिता रमाबाई यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहे. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला व ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांनीं मुक्ति मिशन उभारिलें, आणि १८९६–९७ च्या व पुढें १९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत व गुजरात येथून शेंकडों विधवा व निराधार मुली तेथें आणून त्यांस अन्न, आसरा व शिक्षण दिलें. ही त्यांची सेवा सर्व जग वाखाणितें. पण त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतील एका कामाविषयीं लोक कमी बोलतात. तें काम म्हणजे मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेलें संपूर्ण बायबलाचें सोपें मराठी भाषांतर.

संपूर्ण पवित्र शास्त्र एकोणिसाव्या शतकांतच मराठींत छापून झालें होतें. मग दुसरें भाषांतर कशाला? शेंकडों मुलींचा भार डोक्यावर असतां वर्षांमागून वर्षें इब्री व्याकरणांत कां घालवावीं? हिशेबी माणसाला हा प्रश्न पडेल, आणि त्याचा हिशेब बरोबरही असेल. पण रमाबाईंना अशिक्षित खेडवळ बाईच्या कानाला कळेल अशा बोलींत प्रभूचें वचन द्यावयाचें होतें. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई १९२१ सालीं वारली. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. भाषांतर पुरें झालें आणि त्यांचे डोळे मिटले. मुक्तींतील स्त्रियांच्या हातांनीं जुळविलेल्या खिळ्यांनीं तेथील छापखान्यांत छापलेलें तें संपूर्ण बायबल १९२४ सालीं प्रसिद्ध झालें.

पुढें मंडळ्यांच्या उपासनेंत तें भाषांतर फारसें रूढ झालें नाहीं. जो फळावरून किंमत करितो तो म्हणेल कीं एवढे श्रम वांयां गेले. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं तें काम प्रभूसाठीं केलें, आणि प्रभूला तें पोंचलें. ज्या हातांनीं दुष्काळांतील मुलींस भरविलें त्याच हातांनीं ही कुपी फोडली. प्रभूवर प्रेम ओतल्यानें गरिबांचें उणें पडतें, हें म्हणणें किती खोटें आहे, तें या एका आयुष्यांत दिसून येतें. ज्याचें मन देवापुढें मोकळें झालें त्याचा हात गरिबांपुढें आंखडत नाहीं.

८. आमच्या मंडळ्यांत काय व्हावें

आमच्या महाराष्ट्राला भक्तीची उत्कटता बाहेरून आणावी लागत नाहीं. आषाढींत आळंदीहून व देहूहून पंढरपुरास पायीं जाणारे लोक आपण पाहतों. ऊन, पाऊस, चिखल यांची ते पर्वा करीत नाहींत. ज्या भूमींत लोक अशी वाट चालतात त्या भूमींतील ख्रिस्ती मनुष्यानें पावसाचे चार थेंब पडले म्हणून उपासनेस न येणें शोभत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, तेव्हां त्यांनीं अभंग, ओवी, भजन व कीर्तन हीं मागें टाकिलीं नाहींत. तीं प्रभूच्या चरणीं आणून ठेविलीं. तीही एक फोडलेली कुपीच होती. म्हणून टाळ व मृदंग घेऊन आमचे म्हातारे बंधु रात्रभर भजन करितात तेव्हां शहरांत शिकून आलेल्या तरुणांनीं हंसूं नये. कराराचा कोश यरुशलेमांत आणितांना दावीद देहभान विसरून नाचला, आणि मीखलेनें खिडकींतून पाहून त्याला मनांत तुच्छ लेखिलें. खिडकींत उभें राहून दुसऱ्याच्या भक्तीचें माप घेणें सोपें असतें. त्याचप्रमाणें जो शांतपणें, डोळे मिटून, एक शब्दही न बोलतां बसतो त्यालाही कोरडा म्हणूं नये. मरीयाही त्या प्रसंगीं एक शब्द बोलली नाहीं.

पुढें कांहीं साध्या गोष्टी सुचवितों. उपासनेचा दिवस आदल्या संध्याकाळींच मनांत सुरू करावा. म्हणजे सकाळीं मन घाईंत येत नाहीं. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळीं शिजवावयाच्या तांदुळांतून एक मूठ मंडळीसाठीं बाजूला काढितात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेली ही रीत आहे. आमच्या चुलीपाशींही एक गाडगें ठेवितां येईल. ती मूठ उरलेल्यांतली नव्हे, शिजवण्यापूर्वींची असावी. जो बोलण्यांत हुशार नाहीं त्यानें देऊळ झाडावें, पाणी भरावें, आजाऱ्याजवळ रात्र काढावी. मार्था त्या दिवशीं वाढीत होती, आणि तिची सेवा प्रभूनें नाकारिली नाहीं. उपदेशक बंधूंनीं आपली तयारीही कुपीच समजावी. दहा ऐकणारे असोत किंवा शंभर, जो पाठ रात्रीं कंदिलाजवळ बसून मनापासून तयार केला तोच प्रभूच्या मस्तकावर ओतावा.

योहान सांगतो कीं त्या तेलाच्या सुगंधानें तें घर भरून गेलें. मरीयेनें तें फक्त प्रभूला दिलें. तरी मार्थेला, लाजराला, शिष्यांना, एवढेंच नव्हे तर कुरकुर करणाऱ्यालाही तो वास आला. एका मनुष्याची मोकळ्या मनाची उपासना सर्व मंडळीला असाच लाभ देते. ज्या गांवांत एक घर अशा रीतीनें देवाचें झालें, त्या गांवाला तें सांगावें लागत नाहीं.

मंडळींत किंवा शब्बाथशाळेंत विचारावयाचे प्रश्न

(१) मार्क व योहान यांच्या वृत्तांतांत कोणत्या गोष्टी सारख्या आहेत व कोणत्या निराळ्या? लूकाच्या सातव्या अध्यायांतील गोष्ट निराळी कां?

(२) तीनशें दीनार म्हणजे किती दिवसांची मजुरी? आपल्या गांवच्या आजच्या रोजाप्रमाणें ती किती होईल?

(३) विधवेच्या दोन दमड्या आणि मरीयेची कुपी यांत प्रभूला कोणती एक गोष्ट सारखी दिसली?

(४) दरिद्री नेहमीं तुमच्याजवळ आहेत, या प्रभूच्या बोलण्याचा खरा अर्थ अनुवाद १५:११ यावरून सांगा.

(५) आपल्या मंडळींत कोणाच्या भक्तीला आपण हंसलों आहों काय? या आठवड्यांत त्या बंधूला किंवा भगिनीला कोणता चांगला शब्द बोलतां येईल?

(६) मीं प्रभूपासून काय मागें राखून ठेविलें आहे? या प्रश्नाचें उत्तर सभेंत मोठ्यानें देऊं नये. घरीं गुडघे टेकून प्रभूलाच द्यावें.